मळीचं पिंप

आंबा घाट चढून टेम्पो उद्यमनगरात आला,
ताडपत्रीखाली काय आहे ते नाकालाच आधी कळलं.
सुकी मासळी, डिझेल,
आणि आणखी एक वास, ज्याला आमच्या गल्लीत नाव नाही.

इंजिनाचं हेड, मॅनिफोल्ड, पाण्याच्या पंपाची बॉडी.
बोट लावलं की पापुद्रे सुटायचे,
चहात धरलेल्या खारीसारखे.
"नवं मिळतं हो," दाऊद मिरकर म्हणाले,
"पण हे माझं ऐकतं."
भूपालआण्णांनी हातोडीनं हेडला टिचकी मारली,
कान लावून नाद संपेपर्यंत थांबले.
"चीर न्हाई. घे गं आत."

ॲसिडात बुडवलं तर दोन तासांचं काम.
आण्णा जुन्या बिडाला ॲसिड दाखवत नाहीत.
कारखान्यावरची मळी आणायची,
डबाभर मळीला नऊ डबे पाणी,
पिंपाचं झाकण तिरकं ठेवायचं
आणि पंधरा दिवस विसरायचं.
विसरता येत नाही. चौथ्या दिवशी फेस धरतो,
आंबूस वास पार चौकापर्यंत,
आणि शेजारचा वेल्डर तांब्या घेऊन दारात:
"उतरली का, वहिनी?"

बाराव्या दिवशी कोपरापर्यंत हात घातला.
खाली काळंभोर, गुळगुळीत काहीतरी लागलं,
माशाची पाठ अशी असेल.
जिवंत मासा मी धरलेला नाही.
समुद्रही पाहिला नाही; मोठं पाणी म्हणजे मला
पंचगंगेचा पूर, मशीनच्या पट्ट्यापर्यंत चढलेला.

मग रॉकेल, तारेचा ब्रश,
बारीक भोकांना पोराचा जुना दातांचा ब्रश.
पाण्याच्या वाटांतून निघालं
मीठ, शिंपल्याचा चुरा,
गळती थांबवायला कुणी कोंबलेली निळ्या लुंगीची चिंधी.
रंगाचे थर: हिरवा, राखाडी, परत हिरवा,
तळाशी तांबडं ऑक्साईड.
आणि ऑक्साईडखाली, बिडात उठलेला,
सातचा आकडा.
आरशातला.

ब्रश खाली ठेवला.

बापू पॅटर्न करायचे, सागवानी.
आकडे चिकटवायला एकदा मला दिले, नऊ वर्षांची होते.
मी विचार केला, वाळूत सगळं उलटं उठतं,
म्हणजे लाकडावर आपण उलटंच लावलं पाहिजे.
चाळीस हेडं ओतून झाल्यावर फाउंड्रीतून माणूस आला.
बापू मला काही बोलले नाहीत.
फक्त दुसऱ्या दिवसापासून आकड्यांचा डबा
माळ्यावर गेला.

पुट्टीचा डबा उघडला होता मी.
दोन बोटं पुट्टी, वर पॉलिश पेपर, पाच मिनिटं.
डबा तसाच राहिला, वर साय धरेपर्यंत.

उन्हात पत्र्यावर हेड तापवलं, प्रायमर मारला.
फोनवर दाऊदभाई म्हणाले, "फिका रंग द्या,
तेल गळलं तर लगेच दिसतं."
शाळेच्या फाटकाचा क्रीम उरला होता.
दोन पातळ हात.
सातवरून ब्रश जरा उचलूनच नेला.

न्यायला आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला,
अंगठ्यानं चाचपत गेले, थांबले.
"हा आहे ना अजून? बरं झालं.
खाली बोटीत दिवा विझतो. हा उलटा सात हाताला लागला
की कळतं, नळी उजवीकडं."

मी सुतळीला आणखी एक गाठ मारली.
आण्णा म्हणाले, "दोन वरसं निघत्याल. मीठ हाय शेवटी."
दाऊदभाईंनी मान हलवली, पैसे मोजले,
टेम्पो शाहूवाडीच्या रस्त्याला लागला.

पिंप शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं.
रात्री भाकरी थापताना
नखाखालची तांबडी रेघ पुन्हा पुन्हा पाहिली.
पोरानं विचारलं, आई, हाताला कसला वास?
नाव माहीत नव्हतं.
मीठ वाढ, म्हटलं, आणि जेव.